नडगीच्या हाडातील जंतुसंसर्ग : माझा अनुभव

2018 च्या हिवाळ्यात नियंत्रण रेषेवर तोफगोळ्याची कपची माझ्या उजव्या नडगीत घुसली. हाडाचे तुकडे झालेच, शिवाय माती आणि विजारीचे धागेही जखमेत खोलवर गेले. लष्करी रुग्णालयात जखम धुऊन काही दिवस उघडी ठेवली, मगच टाके घातले आणि पुढे हाडात सळई बसवली. अशी जखम घाईने शिवली तर घाण आतच कोंडते, हे मला तिथे समजले. एवढी काळजी घेऊनही, निवृत्त होऊन कोरेगाव तालुक्यातील गावी आल्यानंतर नडगीवर एक फोड आला, तो फुटला आणि पू वाहू लागला.

पुढचे सात महिने एका खासगी दवाखान्यात गेले. वरवरचा पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला जाई आणि अहवालानुसार गोळ्या बदलत. आठ-दहा दिवस जखम कोरडी राही, मग सकाळी अंथरुणावर पुन्हा पिवळा डाग दिसे. उपचार फसले याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या सात महिन्यांत एकदाही हाडाचा एक्स-रे काढला गेला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

अखेर साताऱ्याच्या ईसीएचएस (माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून पत्र घेऊन मी पुण्याला गेलो. तेथील शल्यचिकित्सकांनी सर्वप्रथम प्रतिजैविके दोन आठवडे पूर्ण बंद करायला सांगितली, कारण औषध चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडतीलच असे नसते. आई घाबरली, तिला वाटले, आता पाय जाणार. पत्नी रोज तीन वेळा ताप मोजून वहीत लिहीत होती.

शस्त्रक्रियेत सळई काढली आणि रक्ताचे थेंब दिसू लागेपर्यंत मेलेले हाड कापले. पाच ठिकाणांहून, प्रत्येक वेळी वेगळ्या हत्याराने, खोलवरचे नमुने घेतले. डॉक्टरांनी मला बाटलीतला तुकडा दाखवला : करंगळीच्या पेराएवढा, फिकट पिवळा, कडेला कुरतडल्यासारखा. अशा हाडाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे औषध तिथे पोहोचत नाही. शिवाय जंतू त्यावर आणि धातूवर चिकट थर करून राहतात. सात महिन्यांच्या गोळ्या का वाया गेल्या, ते मला त्या बाटलीकडे पाहताना कळले. नमुन्यांत नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. पोकळीत औषध मिसळलेल्या सिमेंटचे मणी ठेवले आणि सहा आठवडे प्रतिजैविके चालली. त्या काळात मूत्रपिंडासाठी रक्ततपासणीही होत राहिली.

हाडात चार सेंटिमीटरची पोकळी उरली होती. ती भरण्यासाठी इलिझारोव्हची कडी, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसणारी आणि तारांनी हाडाला जोडलेली धातूची चौकट, बसवली. सैबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत विकसित केली. निरोगी भागात हाड कापून तो भाग रोज एक मिलिमीटर सरकवायचा आणि मागे नवे हाड धरू द्यायचे. हा मिलिमीटर चार वेळांत विभागलेला असतो. पत्नी सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला आणि रात्री बाराला पाना घेऊन नट पाव मिलिमीटर फिरवी व वहीत खूण करी. चाळीस दिवसांत एकही खूण चुकली नाही. तारांच्या मुळाशी सलाइनने पुसणे हे त्याहून किचकट काम होते, कारण तिथेही पू धरतो. कडी एकूण नऊ महिने पायात होती. विजारीची एक बाजू उसवून बंद लावले होते, आणि जमिनीवर जेवायला बसणे बंद झाले होते.

आता जखम कोरडी आहे. घोटा पुरता वाकत नाही, त्यामुळे चढण चढताना त्रास होतो. गेल्या महिन्यात खटाव तालुक्यातील एका जवानाच्या वडिलांनी फोन करून विचारले की, पुण्याला जाताना काय न्यायचे. मी त्यांना सांगितले, पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद न्या, आत कोणती सळई आणि कोणते स्क्रू आहेत ते त्यावर लिहिलेले असते. माझा तो कागद सापडायला बारा दिवस गेले होते.