डेड दिसणारी सर्व्हिस

आज जवळजवळ पूर्ण दिवस लॅबच्या सर्व्हरवर गेला. तक्रार अशी की रीबूट झाला की व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) चालूच होत नाहीत, एरर येते की व्हर्टनेटवर्कडी-सॉक ही फाइलच, म्हणजे व्हीएमचं नेटवर्क बघणाऱ्या व्हर्टनेटवर्कडी या प्रोग्रामशी जोडणी करायचा सॉकेटच, सापडत नाही, मग कोणीतरी सर्व्हिस रीस्टार्ट करतं, सगळं नीट चालतं आणि पुढच्या रीबूटला परत पहिले पाढे पंचावन्न.

त्याचं जर्नल, म्हणजे लॉग, बघितलं तर कोरं. म्हणजे डेमन (मागे चालणारा प्रोग्राम) क्रॅश झाला नव्हता, बूटनंतर तो उठलाच नव्हता. सॉकेटची यादी दाखवणारी सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स ही कमांड मारली तर व्हीएम चालवणाऱ्या व्हर्टक्यूईएमयूडीचे सॉकेट दिसतायत, व्हर्टनेटवर्कडीचा एकही नाही.

व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये पूर्वी लिबव्हर्टडी हा एकटा डेमन सगळं बघायचा. आता क्यूईएमयूचा (प्रत्यक्ष व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामचा) डेमन वेगळा, नेटवर्कचा वेगळा, स्टोरेजचा वेगळा, आणि त्यांचे सॉकेट सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) उघडून ठेवतं, कोणी कनेक्ट झालं की डेमन उठवतं आणि तो उघडा सॉकेट त्याच्या हातात देतं. व्हीएम चालू नाही, कोणी कनेक्टेड नाही, तर व्हर्टक्यूईएमयूडी 120 सेकंदांनी आपणहून बाहेर पडतो. स्टेटसला इनॅक्टिव्ह, डेड दिसतं आणि ते अगदी बरोबर असतं! मला ही रचना मनापासून आवडते, पण माहीत नसलेल्या माणसाला ती बिघाडच वाटणार.

इथे तेच झालेलं. साफसफाई करताना कोणीतरी डेड दिसणारी व्हर्टनेटवर्कडी सर्व्हिस डिसेबल केली, म्हणजे बूटला ती आपोआप उठणं बंद केलं. सर्व्हिसच्या युनिट फाइलच्या (तिच्या सेटिंगच्या फाइलच्या) इन्स्टॉल भागात 'ऑल्सो' म्हणून ओळी असतात, त्यात सॉकेटची नावं, त्यामुळे सर्व्हिस डिसेबल केली की सॉकेटही सोबत जातात. आणि हाताने सर्व्हिस चालू केली की ती सॉकेटला ओढून आणते, म्हणून रीस्टार्टने रीबूटपर्यंत भागायचं.

नुसता सॉकेट एनेबल करूनही चाललं असतं, पण मग ऑटोस्टार्टचं नेटवर्क पहिलं कनेक्शन येईपर्यंत उठत नाही, म्हणून सर्व्हिसच एनेबल केली, सॉकेट आपोआप आले. रीबूट केला, हात न लावता डिफॉल्ट नेटवर्क वर आलं, व्हीएमला 192.168.122 मधला पत्ता मिळाला. उद्या बाकीच्या होस्टवर लिस्ट-सॉकेट्स बघायचंय, तिथेही तीच साफसफाई झाली असणार.