गोळ्या देता येणार का?

पप्पांना मी गेल्या तीन वर्षांत दहा वेळा तरी समजावून सांगितलं असेल की सायकॉलॉजी म्हणजे नक्की काय, आणि दहाही वेळा शेवटी गाडी तिथेच येते, "मग गोळ्या देता येणार का तुला?" नाही म्हटलं की गप्प बसतात, चहाचा घोट घेतात, आणि मग, "म्हणजे नुस्तं बोलायचं. त्याचं पैसं देत्यात व्हय लोकं?"

घरात सगळे हसतात, मीही हसते. पण एमएचे फॉर्म भरताना माझा जो काही गोंधळ झाला ना, त्यातला निम्मा या प्रश्नातूनच आलेला होता, हे कळायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

तर मी २०२४ ला पुण्यातून बीए झाले, सायकॉलॉजी स्पेशल. तेव्हापासून एका शाळेत शॅडो टीचर आहे. म्हणजे ज्या मुलाला वर्गात एकट्याने बसणं जमत नाही त्याच्या शेजारी बसायचं, दिवसभर, छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. पगार पंधरा हजार. बीए सायकॉलॉजीवर पुण्यात काय मिळतं असं कोणी विचारलं तर हे, नाहीतर एचआरमध्ये रेझ्युमे चाळणं. काउन्सेलर म्हणून कोणी घेत नाही आणि घेऊही नये, तीन वर्षांत आम्ही एकाही माणसासमोर बसलेलो नसतो, प्रॅक्टिकलला आपल्याच मैत्रिणीवर टेस्ट घेतो आणि ती आधीच उत्तरं ठरवून बसलेली असते.

एमए करायचंच हे पक्कं होतं. प्रश्न होता क्लिनिकल की काउन्सेलिंग, म्हणजे मानसिक आजारांचं निदान-उपचार शिकायचे की बोलून आधार द्यायला शिकायचं. मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, क्लिनिकल. का, तर म्हणे मला सिव्हिअर केसेसमध्ये इंटरेस्ट आहे. आता हे वाचताना माझं मलाच हसू येतंय, कारण तोपर्यंत मी एकही सिव्हिअर केस जवळून पाहिलेली नव्हती, एक सोडून, तिच्याबद्दल पुढे सांगते.

जे आत्ता याच चक्रात आहेत त्यांच्यासाठी जरा नियमांचं सांगते, कारण मला हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा शब्द कोणीही लावू शकत नाही. त्यासाठी आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिच्याकडे नोंदणी लागते, सीआरआर नंबर मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सुद्धा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येत दोन वर्षांचं फुलटाइम एम.फिल. लिहिलंय, तेही आरसीआयच्या मान्यतेचं. म्हणजे एमए दोन वर्षं, मग एम.फिल. दोन वर्षं, आणि त्या एम.फिल.च्या जागा बोटावर मोजण्याइतक्या, बंगलोरला निम्हान्स, रांचीला सीआयपी, अशा मनोरुग्णांच्या मोठ्या सरकारी संस्थांत देशभरातून पोरं येऊन पडतात. बरं, हे एम.फिल. तरी जागेवर आहे का? नवीन शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही डिग्रीच बंद केली. मग बोंबाबोंब झाली तेव्हा युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन्हींना मुदत वाढवून दिली, २०२५-२६ पर्यंत. आणि मी यंदा एमएला लागले तरी बाहेर पडणार २०२८ ला. घ्या हिशोब. चढायला निघाले आणि वरचा जिनाच कोणीतरी सोडवून नेतोय.

गेल्या वर्षी एका खाजगी ठिकाणी माझं नाव लागलं होतं. कोर्सच्या नावात क्लिनिकल होतं, दोन वर्षांची फी साडेचार लाख, आणि ॲडमिशन पक्की करायला तीन दिवसांत पन्नास हजार भरा. मी फोन करून विचारलं की आरसीआयचं काय, तर तिकडची मॅडम म्हणाली "ते प्रोसेसमध्ये आहे". कधीपासून प्रोसेसमध्ये आहे असं विचारल्यावर तिने मला वेबसाइट बघायला सांगितली. वेबसाइटवर लॉन होतं आणि लॉनवर हसणारी पोरं होती. तर लक्षात ठेवा, डिग्रीच्या नावात क्लिनिकल आहे म्हणून नंबर मिळत नाही, तो कोर्सच आरसीआयच्या मान्यतेचा लागतो, आणि ती मान्यता त्यांच्या यादीत स्वतः बघायची, फोनवरच्या मॅडमला विचारायची नाही. पप्पा द्राक्षाच्या पैशातून भरायला तयार होते, तेच जास्त लागलं. मी नको म्हटलं आणि दोन दिवस रडले, कारण "क्लिनिकल" हातातून गेलं असं वाटत होतं.

मग प्लॅन बी काढला, नोकरी करत करत इग्नूमधून डिस्टन्स एमए. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी तसंच केलंय, दोन पोरं सांभाळून केलंय. मी आज भरते उद्या भरते करत बसले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये युजीसीने सांगितलं की सायकॉलॉजी आता डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायचं नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात हा विषय येतो म्हणून. तत्त्व म्हणून मला पटतं, माणसासमोर बसायला शिकायचंय तर माणसासमोर बसूनच शिकायला पाहिजे. पण त्या दोन पोरंवाल्या बायकांनी आता काय करायचं याचं उत्तर त्या पत्रात नव्हतं. असो.

आता एसओपीकडे येते, म्हणजे हाच कोर्स का करायचाय हे फॉर्मसोबत लिहून द्यायचं ते, कारण खरी गंमत तिथे झाली.

पहिला ड्राफ्ट सुरू होत होता "लहानपणापासून मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं" असा. आमच्या कॉलेजची एक सिनियर आहे, तिचं एम.फिल. झालंय, तिला पाठवला. तिचा रिप्लाय, "हे तर सलूनवाल्यालाही आवडतं." आणि खाली, "तू का, ते लिही."

मी का, हे मला माहीत होतं. आत्यामुळे. (इथे आत्या म्हणतेय ती आत्या नाहीये, नातं बदललंय, बाकीही थोडं इकडचं तिकडे केलंय, आणि तिला विचारून लिहितेय.) मी आठवीत असताना आत्याला कसले कसले आवाज यायला लागले. झोप नाही, जेवण नाही, शेजारीण आपल्याबद्दल बोलते म्हणून भांडणं. आधी दोन अमावस्या देवऋषी झाला, नारळ लिंबू सगळं झालं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून मिरजेला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या आणि तीन-चार महिन्यांनी आत्या एकदम पहिल्यासारखी चुलीपाशी बसून माझ्या केसांना शिव्या द्यायला लागली. तर पप्पांचा प्रश्न येतो कुठून हे आता कळलं असेल तुम्हाला. आमच्या घराने जे एकमेव मानसोपचार पाहिलेत ते गोळ्यांचे, आणि त्या गोळ्या लागू पडल्यात. ते अडाणीपणाने विचारत नाहीयेत.

दुसरा ड्राफ्ट मी एका रात्रीत लिहिला, रडत रडत, आवाज, अमावस्या, मिरज, सगळं. लई भारी झालाय असं वाटलं. सिनियरने वाचला आणि एकच विचारलं, "आत्याला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. डोक्यातच आलं नव्हतं. कॉन्फिडेन्शिॲलिटीवर दहा मार्कांचं उत्तर पाठ असणारी मी, घरातल्या माणसाचा आजार सिलेक्शन कमिटीपुढे मांडायला निघाले होते, सीटसाठी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यात उभं राहून फोन लावला. आत्याने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लिही की. पण गोळ्या अजून चालू हायत ते नको लिहू. थोरलीचं बघाय लागल्यात." म्हणजे चालू गोळ्या कळल्या तर पोरीचं स्थळ मोडेल. बरी झालेली आत्या चालते, बरी राहण्यासाठी रोज गोळी घेणारी चालत नाही. मी तो ड्राफ्ट पाठवलाच नाही.

तिसऱ्या ड्राफ्टला मी शाळेतलं लिहिलं, आणि तेही माझ्या चुकीबद्दल. माझ्याकडे एक मुलगा आहे, गणिताचा तास सुरू झाला की ओरडायचा. मी काय करायचे, त्याला बाहेर घेऊन जायचे, व्हरांड्यात शांत होईपर्यंत. शांतही व्हायचा लगेच. मला वाटायचं वा, जमलं. महिन्याभरात तो मराठीच्या तासालाही ओरडायला लागला. शाळेत एक स्पेशल एज्युकेटर येतात, त्यांनी मला एबीसी चार्ट भरायला लावला, वागण्याच्या आधी काय घडलं, तो काय वागला, नंतर काय मिळालं. एक आठवडा भरला आणि तिसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, बाहेर. त्याला बाहेरच तर जायचं होतं! ओरडलं की गणित बंद होतं हे मीच त्याला शिकवलेलं. याला म्हणतात ऋण प्रबलन, नको असलेली गोष्ट टळली की ते वागणं पक्कं होतं. त्या पेपरला मला चांगले मार्क होते हो. मग आम्ही त्याला "ब्रेक" असं लिहिलेलं कार्ड दिलं, कार्ड दाखवलं की दोन मिनिटं बाहेर, ओरडलं की नाही. अजून पूर्ण जमलेलं नाही, पण दिवसाला चार-पाच वेळा कार्ड दाखवतो.

हे लिहिताना एक जाणवलं, मला हेच करायचंय. हे आणि आई-वडिलांशी बोलणं. मुलांच्या फाइलीत रिपोर्ट असतात, बिने-कामत या बुद्धिमापन टेस्टचे वगैरे (कामतांनी १९३४ मध्ये मराठी आणि कन्नडसाठी बेतलेली टेस्ट, माझ्या आजीपेक्षा वयाने मोठी, अजून चालते), त्याच्यावर आकडा असतो, खाली सही, सीआरआर नंबर. तो आकडा घेऊन आई माझ्याकडे येते, गेटवर, चपला काढता काढता, आणि विचारते "म्हणजे याचं काय होणार?" मला त्या सहीचा हेवा वाटायचा. क्लिनिकलचा सगळा हट्ट त्या सहीसाठी होता, पप्पांना दाखवायला की बघा, गोळ्या नाही पण सही तरी आहे. आणि जे काम मला सुचतं ते सगळं सहीनंतरचं आहे.

याचा अर्थ काउन्सेलिंग सोपं असं नाही. उलट तिथे लायसन्सचं काही धड नसल्यामुळे पंधरा दिवसांचा कोर्स करून कोणीही बोर्ड लावतं, आणि आपणही त्यातलेच दिसणार ही भीती आहेच. म्हणून मी एकच बघितलं, फील्डवर्क किती आणि सुपरव्हिजन कोण देणार. बाकी सिलॅबस सगळीकडे उन्नीस-बीस.

आणखी एक भीती इंग्रजीची. मी एसवायपर्यंत मराठीतून लिहिलं, अभिजात अभिसंधान (क्लासिकल कंडिशनिंग), साधक अभिसंधान, असं सगळं. एमएच्या प्रवेशपरीक्षेचा, सीयूईटी-पीजीचा, पेपर इंग्रजी-हिंदीत, ७५ प्रश्न, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. क्लासिकल कंडिशनिंग वाचलं की आधी मनात मराठी होतं आणि मग उत्तर सुचतं, तेवढ्यात घड्याळ पुढे. पण गेटवरची आई "ॲन्ग्झायटी" म्हणत नाही, ती म्हणते जीव घाबरा होतो, हातपाय गळाल्यासारखे होतात. ते मला भाषांतर न करता कळतं. हे फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

तर भरलं. टिसचा, म्हणजे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, पहिला टप्पा सीयूईटीनेच आहे, तिथे काउन्सेलिंग. पुणे विद्यापीठाचे फॉर्म निघाले की तेही, आणि मुंबई विद्यापीठाचं, कलिनाचं, बघतेय. क्लिनिकल कुठेच टाकलं नाही. सबमिट दाबताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू. पप्पांनी फॉर्मचे पैसे जीपेवर पाठवले, त्याखाली नोट, "डॉ. फी". मी दुरुस्त करायला फोन नाही केला.

सेंटर सांगली टाकलंय, मिळेल न मिळेल. आत्याला सांगितलं तर म्हणाली, सांगली आलं तर मी येते बरोबर, मिरजेची माझी तारीख पण त्याच्याच आसपास असती, दोन्ही कामं एका गाडीत होतील. आणि येताना स्टॅटिस्टिक्स वाचत बसू नको म्हणे, गाडी लागते तुला.