बोटांचा घाम मोजताना

परक्या भाषेत बोलताना माणसाला नेमका कुठे घाम फुटतो, हे मला अगदी शब्दशः मोजायचं होतं. परभाषेच्या वर्गातली भीती जोखणारी १९८६ची ३३ विधानांची प्रश्नावली होतीच, पण ती भरायची बोलून झाल्यावर, शांतपणे. मला ऐन अडखळण्याचा क्षण हवा होता. म्हणून दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता (घाम आला की ती वाढते) आणि छातीच्या पट्ट्यावरून हृदयाचे ठोके नोंदवायचं ठरवलं.

पहिला बळी मीच. जेल लावलं, इलेक्ट्रोड चिकटवले, तरी आलेख सपाट! हात गारठले होते. ते चोळून पाचेक मिनिटं बसलो, तेव्हा कुठे रेघ हलली. खोल श्वास घेतला की उंचवटा दिसायचा. पुढे प्रत्येकाची सुरुवात मी याच तपासणीने केली.

खरी फजिती पहिल्या विद्यार्थिनीच्या वेळी झाली. तिला परभाषेत एका चित्राचं वर्णन करायचं होतं. आलेखात सुळक्यांमागून सुळके. केवढा हा ताण, म्हणून मी खूश! व्हिडिओ पाहिला तर बाई हातवारे करत होत्या आणि दर वेळी वायर ओढली जात होती. त्यात कॅमेऱ्याचं नि यंत्राचं घड्याळ चार सेकंदांनी पुढेमागे. त्वचेचा प्रतिसाद मुळातच साधारण एक ते तीन सेकंद उशिरा उमटतो, त्यामुळे कुठला सुळका कुठल्या शब्दाचा, काही कळेना. ती नोंद बाद केली. मग एक कळ बसवली: दाबली की कॅमेऱ्यात दिवा दिसतो आणि त्याच क्षणी यंत्रात खूण पडते. इलेक्ट्रोड डाव्या हाताला, हात उशीवर.

ठोक्यांनी तर पारच गोंधळात टाकलं. बोलताना श्वास तुटक होतो आणि ठोक्यांमधलं अंतर त्याबरोबर बदलतं, भीती असो वा नसो. तेव्हा प्रत्येकाकडून तशाच दुसऱ्या चित्राचं वर्णन मातृभाषेतही करून घेतलं. ही तुलना आधी सुचली असती तर दोन महिने वाचले असते.

एका मुलाचा सगळ्यात उंच सुळका मात्र तो गप्प असताना आला होता. आलेख दाखवून विचारलं, इथे काय झालं?

"सर, तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत ना, तेव्हा."

वही आता बाहेरच ठेवतो.