एका गाठीत चारही ऊती

बरणीवरची चिठ्ठी त्रोटक होती: डाव्या अंडाशयातली गाठ, वय 19. गाठ चिरली तसा लोण्यासारखा पिवळट ऐवज बाहेर आला, त्यात केसांचा पुंजका. आतल्या भिंतीवर टणक उंचवटा आणि त्यात रुतलेला दात. मी पॅथॉलॉजिस्ट, त्यामुळे डर्मॉइड सिस्ट, म्हणजे केस-दात असलेली अशी गाठ, मला नवी नव्हती. पण तेवढ्यात सर्जनांचा फोन आला, "मॅडम, मुलीची आई विचारतेय, केस-दात म्हणजे पोटात मूल होतं का?"

मूल नव्हतंच. अंडाशयातली एखादी बीजपेशी फलन न होताच वाढू लागते. शरीरातली कुठलीही पेशी होण्याची ताकद तिच्यात असते. अगदी लहान मुलींमध्येही अशी गाठ सापडते. मला काळजी वेगळीच होती. या वयात गाठ अपक्वही असू शकते, आणि अपक्व चेता ऊती (मेंदू-मज्जातंतूंची ऊती) दिसली तर मामला कर्करोगाचा. म्हणून उंचवट्याचे जास्तीचे तुकडे घेतले. दात आम्लात मऊ व्हायला ठेवला.

स्लाइड्स तयार होऊन आल्या. कडेला अभिस्तर ऊती: हुबेहूब कातडी, वर केराटिनचे पापुद्रे. खाली संयोजी ऊती: तंतू, चरबी (तिच्या पेशी रिकाम्या दिसतात, कारण स्लाइड बनवतानाच्या रसायनांत मेद विरघळून जातो) आणि निळसर कास्थीचं (कूर्चेचं) बेट. कास्थी आणि हाडसुद्धा संयोजीच, हे विद्यार्थ्यांना पटवायला मला दरवर्षी वेळ लागतो. केसाच्या मुळाशी स्नायू ऊती: अपट्टकी, म्हणजे पट्टे नसलेल्या, आपोआप चालणाऱ्या स्नायूची बारीक गुलाबी पट्टी. अंगावर काटा उभा करतो तोच हा स्नायू. इथे ना अंग, ना थंडी, तरी आपल्या जागी अचूक बसलेला. मी बराच वेळ तिथेच थांबले.

चेता ऊतीसाठी मात्र सगळ्या स्लाइड्स पालथ्या घातल्या. शेवटी सापडली: फिकट गुलाबी, बारीक धाग्यांची जाळी, त्यात विखुरलेली गोल केंद्रकं. ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, पूर्ण पक्व. अपक्व पेशींचे गर्द निळे, नळीसारखे पुंजके कुठेच नव्हते. तरी सहकाऱ्याला दाखवून खात्री केली.

रिपोर्ट लिहिला, मॅच्युअर सिस्टिक टेराटोमा (पक्व डर्मॉइड सिस्टचंच शास्त्रीय नाव), आणि स्वतःच वॉर्डात गेले. "ताई, हा गर्भ नव्हता. कर्करोगही नाही."

आई काही क्षण गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मी तिला काल नको नको ते बोलले हो."

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.