मिठाचे मानकरी

दुपारचे तीन वाजले की माझं निसर्गप्रेम ओसरतं. डोंगर, ढग, झाडं आपापल्या जागी छानच असतात, पण डोक्यात एकच विचार घोळायला लागतो: आज पाठ कुठे टेकायची? जागा मिळेल ना? आपल्याआधी कोणी घोरणारा येऊन पसरला नसेल ना?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून, दक्षिण सीमेपासून थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत, लाँग ट्रेल नावाची पायवाट जाते. सुमारे ४४० किलोमीटर. १९१० ते १९३० अशी वीस वर्षं खपून लोकांनी ती बांधली, आणि वाटेवर रात्र काढायला सत्तरएक ठिकाणं आहेत. पैकी बरीचशी म्हणजे तीन भिंती, वर छप्पर आणि चौथी बाजू सताड उघडी. आत फळ्यांचा ओटा, भिंतीला खिळे आणि एक वही. मी पोचल्या पोचल्या सॅकसुद्धा न उतरवता ती वही वाचते. पुढे पाणी आहे का, चिखल किती, हे त्यात कळतंच. पण खरा मजकूर असतो तो रात्रीच्या घडामोडींचा. ‘उंदीर. फार उंदीर.’ एवढंच कोणीतरी एका पानावर लिहिलं होतं.

उंदरांवरचा उपाय तिथे छताला लोंबत होता. दोरीत मधोमध ओवलेला पत्र्याचा रिकामा डबा, उपडा. खाली खाण्याची पिशवी अडकवायची. दोरीवरून उतरणारा उंदीर डब्यावर येतो, डबा कलंडतो, उंदीर खाली. अर्थात अस्वलापुढे हे चालत नाही. जिथे त्याच्यासाठी लोखंडी पेटी ठेवलेली असते, तिथे खाणंच काय, टूथपेस्टही तिच्यात जाते. हे सगळं मी मन लावून केलं आणि वहीतली एक ओळ मात्र हसण्यावारी नेली: ‘बूट उंच टांगा.’ तरी बूट टांगले. ट्रेकिंगची काठी तेवढी भिंतीला टेकवून ठेवली.

मध्यरात्री करवतीच्या आवाजाने जाग आली. खर्र, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. इतक्या रात्री लाकूड कोण कापतंय? विजेरी लावली तर ओट्याच्या टोकाशी साळिंदर. गोलमटोल, काटे पाठीवर विसावलेले, दोन्ही पंजांत माझ्या काठीची मूठ कणसासारखी धरलेली. नारिंगी दात उजेडात चमकले. मी ‘हाड्’ म्हटलं. त्याने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागलं. साळिंदर काटे फेकत नाही हे मला पक्कं माहीत होतं. त्या क्षणी त्या माहितीवर फारसा विश्वास बसला नाही, एवढंच.

त्याला हवं होतं मीठ. पाला आणि साल खाऊन जगणाऱ्या प्राण्याच्या पोटात पोटॅशियम भरपूर जातं, सोडियम नावालाच. त्यामुळे जिथे माणसाचा घाम मुरलाय ते सगळं त्याला गोड लागतं: मुठी, बुटांच्या नाड्या, सॅकचे पट्टे, संडासाची लाकडंसुद्धा. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. हे जागं होतं खरं, मलाही जागं ठेवून.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात तर ही ओढ फार पुढे गेली. तिथल्या डोंगरांत जनावरांनी चाटावं असं मीठ जमिनीत जवळपास नाहीच. १९२० च्या दशकात माणसांनी आणून सोडलेल्या पांढऱ्या केसाळ रानशेळ्या मग चालणाऱ्यांच्या मागे लागल्या. घामासाठी आणि (आता लिहितेच) लघवीसाठी. २०१० मध्ये त्यांतल्या एका बोकडाने एका माणसाचा जीव घेतला. शेवटी २०१८ पासून तीनशेहून अधिक शेळ्या, डोळ्यांवर पट्टी बांधून, हेलिकॉप्टरखाली लोंबकळत कॅस्केड पर्वतात पोचवल्या गेल्या. शेळीला त्या प्रवासाचं काय वाटलं असेल, हे मला राहून राहून कुतूहल आहे.

मी मात्र मुक्काम शोधताना कायम हाच हिशोब करत आले होते की आपल्याला छप्पर मिळेल का, पाणी जवळ आहे का. आपण दिवसभर तापत, निथळत, स्वतःला खारवून संध्याकाळी नेमक्या त्याच जागी पोचतो आणि तिथे कोणीतरी आपली वाट बघत असतं, हे कधी सुचलं नव्हतं. वहीत मी लिहिलं: ‘काठ्याही टांगा.’ खाली तारीख टाकली.

सकाळी पाऊस थांबलेला. वाटेवर पालीसारखे दिसणारे, बोटाएवढे नारिंगी सॅलमँडर ओल्या पाचोळ्यातून सावकाश, एकेक पाय विचार करून टाकत चालले होते. त्यांना चुकवत चढ चढायचा म्हणजे कसरत. काठीची मूठ एका बाजूने अर्धी गेली होती आणि दातांच्या खाचांत माझी बोटं बरोबर बसत होती. चढ संपेपर्यंत ती पुन्हा घामाने चिंब झाली.