मोझार्ट गोड वाजवायचा नाही

आमच्याकडे मोझार्टची चाळिसावी सिंफनी लागली की आई स्वयंपाकघरातून 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' सुरू करते. सलील चौधरींनी 1961 च्या 'छाया' सिनेमासाठी ती चाल उचलली आणि तलत महमूद-लताबाईंनी ती अशी काही गायली, की आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला मोझार्टनंच सलीलदांची चाल ढापली असं वाटावं. पहिली ओळ बरोबर जुळते. पुढे मोझार्ट आपल्या वाटेनं जातो, आई तिच्या. दोघांचंही काही अडत नाही.

चाल तशी साधी आहे. 'जी' हा षड्ज धरा. कोमल धैवतावरून पंचमावर यायचं आणि पंचम पुन्हा एकदा वाजवायचा. असं तीनदा, आणि मग एकदम वर तार सप्तकातला कोमल गंधार. पेटीवर बोट फिरवणाऱ्या कुणालाही काढता येईल. मोबाइल नवे होते तेव्हा ती रिंगटोन होऊन बसमध्ये, बँकेत, मयताच्या घरीसुद्धा वाजायची.

ही चाल पुन्हा वाजवावी लागणार म्हणून व्हिएन्नात एका माणसानं नोकरी सोडली.

निकोलाउस हार्नोनकूर. व्हिएन्ना सिंफनी ऑर्केस्ट्रात 1952 पासून चेलो वाजवायचा. सतरा वर्षं झाली होती, घरात चार मुलं होती. 1969 मध्ये कार्यक्रमात पुन्हा हीच चाळिसावी सिंफनी आली आणि त्यानं राजीनामा दिला. कारण तो पुढे बऱ्याचदा सांगायचा. त्याच्या मते ही सिंफनी आतून हादरवून टाकणारी आहे, आणि सगळे मिळून ती छान-छान, गोंडस करून वाजवतात. यापुढे आपल्याच्यानं ते होणार नाही.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, केवढा हा नखरा! आपल्याकडे गोड गळा, गोड हात, गोड वाजवतो ही तारीफ असते. गोडपणाला कंटाळून नोकरी सोडणारा माणूस म्हणजे घरचं खाऊन सुस्तावलेला कुणी सरदार असणार. तर तो खरोखरच निघाला सरदार. वडलांकडून काउंट, आणि आईकडून नातं थेट ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक योहानपर्यंत पोचणारं. जन्म बर्लिनचा, 6 डिसेंबर 1929, पण वाढला ग्राट्समध्ये. राजघराणं मात्र तोवर कागदावरच उरलं होतं. ऑस्ट्रियानं 1919 मध्येच सरदारक्या कायद्यानं मोडीत काढल्या होत्या. पोराला नाद होता लाकूड कोरायचा आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करायचा. त्यातच आयुष्य काढावं असं बराच काळ मनात होतं. मग आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या फुर्टवेंग्लर या वाद्यवृंद-संचालकानं वाजवून घेतलेली बीथोवनची सातवी सिंफनी कानावर पडली आणि बाहुल्या मागे पडल्या. व्हिएन्ना सिंफनीत त्याला संचालक कारायाननं घेतलं. पोरानं एक सूरही काढण्याआधी, नुसतं तो खुर्चीवर कसा बसला हे बघून कारायाननं मनाशी निवड पक्की केली, असा किस्सा सांगतात. पुढे दोघांचं फारसं पटलं नाही. ज्याला आपण बैठकीवरून निवडलं तोच आपल्या बैठकीला सुरुंग लावायला निघालाय, हे कुणालाही आवडत नाही.

अर्थात 1969 ची उडी अगदीच अधांतरी नव्हती. त्याचा दुसरा संसार सोळा वर्षं आधीच थाटलेला होता. 1953 मध्ये त्यानं आलीसशी लग्न केलं. ती व्हायोलिनिस्ट. त्याच वर्षी दोघांनी मित्रमंडळी जमवून 'कॉन्सेंटस म्युझिकस' नावाचा ताफा उभा केला. दिवसा ऑर्केस्ट्रात पोटापाण्याचं वाजवायचं आणि उरलेल्या वेळात घरी बसून मॉन्टेव्हर्दी, पर्सेल, बाख असे सतराव्या-अठराव्या शतकातले रचनाकार. तेही ज्या त्या काळच्या वाद्यांवर. जुनी वाद्यं हुडकायची, दुरुस्त करायची, ती कशी धरायची आणि कशी छेडायची हे जुनी पुस्तकं वाचून शिकायचं. जाहीर कार्यक्रम केला तो थेट 1957 मध्ये. चार वर्षं नुसती तालीम! आमच्याकडे गणपतीतल्या कार्यक्रमाला तीन तालमी झाल्या की मंडळी कुरकुरायला लागतात.

आता जुन्या वाद्यांत एवढं काय असतं? व्हायोलिनच घ्या. त्याच्या तारा पूर्वी तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या असत. विसाव्या शतकात पोलादी आणि पुढे कृत्रिम धाग्याच्या तारांनी त्यांना हटवलं. आपल्या सारंगीच्या मुख्य तारा अजून तातीच्याच असतात, त्यामुळे तो आवाज आपल्याला अनोळखी नाही. थोडा खरखरीत, थोडा ओलसर, माणसाच्या घशाच्या जवळ जाणारा. शिवाय हवा दमट झाली की सूर हलणार, हे सारंगियाला काय सांगायचं! ट्रम्पेटला आणि हॉर्नला तेव्हा कळाच नव्हत्या, त्या एकोणिसाव्या शतकात आल्या. त्याआधी सगळं ओठांवर आणि फुंकेवर. सूर लागला तर स्वर्ग, नाही लागला तर सगळ्या सभागृहाला कळणार. पट्टीही निराळी. आज ऑर्केस्ट्रे सहसा पांढरी सहा 440 कंपनांना मिळवतात. जुनं संगीत वाजवणारे बहुतेक जण ती 415 वर धरतात, म्हणजे आपल्या पेटीवरची जवळजवळ काळी चार.

पण वाद्यांपेक्षा मोठी अडचण कागदाची होती, आणि मला या माणसाची गोडी लागली ती इथे. बाखनं सूर लिहून ठेवले. ते कसे म्हणायचे हे लिहिलं नाही, कारण समोरच्या वादकाला ते ठाऊकच होतं. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतली बंदिश जशीच्या तशी, मात्रा मोजून, कुणी गायली तर काय होईल ते आठवून बघा. एकही सूर चुकलेला नाही आणि राग मात्र कुठेच नाही. आपल्याकडे निदान पुस्तक मिटून गुरूसमोर बसता येतं. बाखचे शिष्य, त्यांचे शिष्य, अशी साखळी व्हिएन्नात नव्हती. मधल्या दोनशे वर्षांत भव्य ऑपेऱ्यांचा वॅग्नर होऊन गेला, सभागृहं प्रचंड झाली, आवाज वाढले आणि बाखही त्याच लांबलचक, तुपकट ओळींत वाजायला लागला.

मग हार्नोनकूरनं गुरू धरले ते पुस्तकांतले. क्वान्ट्सचं बासरीवरचं 1752 चं पुस्तक. मोझार्टच्या वडलांनी, लिओपोल्डनी, 1756 मध्ये, म्हणजे पोरगं जन्मलं त्याच वर्षी, छापलेलं व्हायोलिनवरचं पुस्तक. यात लिओपोल्ड करवादतात, की काही वादक प्रत्येक सुरावर असे थरथरतात जणू त्यांना कायमचा ताप भरलाय. सूर हलवायचा तो दागिन्यासारखा, जागा बघून. सारखा नाही. (तलतला मात्र त्यांनी माफ केलं असतं, याबद्दल मला शंका नाही.) हे सगळं वाचून हार्नोनकूरचं एक मत पक्कं झालं आणि तेच तो जन्मभर सांगत राहिला: हे संगीत बोलतं. त्यात शब्द आहेत, स्वल्पविराम आहेत, प्रश्न आहेत, मध्येच तोडलेली वाक्यं आहेत. ते रंगवल्यासारखं वाजवलं तर संपलं.

आता पुन्हा ते कोमल धैवत-पंचम ऐका. मोझार्टनं त्या दोन सुरांवर एक छोटी कमान काढून ठेवली आहे. लिओपोल्डच्या पुस्तकाप्रमाणे अशा कमानीतला पहिला सूर वजनदार आणि दुसरा मावळता. म्हणजे उसासा. उसासा, उसासा, उसासा, आणि मग वर किंचाळल्यासारखा गंधार. गुळगुळीत वाजवलं की कमानी एकमेकींत मिसळतात आणि उरते ती रिंगटोन. शेवटच्या भागात तर मध्येच सगळे वादक एकाच सुरात अशा वेड्यावाकड्या उड्या मारतात, की क्षणभर षड्ज कुठे आहे तेच कळेनासं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या सिंफनीतली ही जागा कुणी गुणगुणताना मी ऐकलेली नाही. हार्नोनकूरच्या हाताखाली ती ऐकताना पायाखालची फळी निघाल्यासारखं होतं. नोकरी का सोडली ते मला तिथे पटलं.

म्हणून त्याचं सगळंच मला आवडतं असं नाही. त्याला ठासून सांगायची सवय होती. एखाद्या सुरावर असा काही दणका द्यायचा, की अहो, कळलं, असं म्हणावंसं वाटतं. बाखची जवळपास दोनशे धार्मिक कॅन्टाटा, म्हणजे चर्चमध्ये वाद्यांसह गायच्या रचना, त्यानं आणि ॲमस्टरडॅमच्या गुस्ताव लिओनहार्टनं वाटून घेऊन ध्वनिमुद्रित केली. हे काम 1971 मध्ये सुरू झालं आणि जवळजवळ वीस वर्षं चाललं. त्यात लिओनहार्टच्या वाट्याची मला जास्त शांतपणे ऐकता येतात. हार्नोनकूरच्या सुरुवातीच्या तबकड्यांत तर चक्क बेसूर जागा आहेत. हॉर्न घसरतं, मुलाचा आवाज ताणला जातो. मुलाचा, कारण बाखच्या लायपझिगमध्ये चर्चच्या गायनात बायका नसत, म्हणून यांनी बायकांच्या ओळी मुलांकडून आणि पुरुषांकडून गाऊन घेतल्या. बालगंधर्वांच्या मुलखात याचं नवल वाटायला नको, पण तिकडे लोकांनी बरीच नाकं मुरडली. तरीही त्या तबकड्यांच्या खोक्यात कॅन्टाटांची अख्खी लिखित संहिता छापून घातलेली असे, हे मला फार आवडतं. घ्या, तुम्हीच ताडून बघा, असा एकंदर रोख.

मजा अशी की ज्या काळाचं हे संगीत, त्या काळी आजच्यासारखा छडीवाला संचालक नव्हताच. पहिला व्हायोलिनिस्ट नाहीतर हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूस वाजवता वाजवता इतरांना सांभाळायचा. फ्रान्समध्ये दरबारी संगीतकार लुली मोठी काठी जमिनीवर आपटून ताल धरायचा. 1687 मध्ये चौदाव्या लुईच्या दुखण्यातून उठण्याच्या आनंदसोहळ्यात ती त्यानं स्वतःच्याच पायावर आपटली, जखम चिघळली आणि तो गेला. हार्नोनकूरनं बराच काळ आपल्या ताफ्याला चेलोमागे बसूनच, मानेनं आणि डोळ्यांनी चालवलं. पुढ्यात उभा राहिला तो 1972 मध्ये, मिलानच्या स्कालात मॉन्टेव्हर्दीच्या ऑपेरासाठी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. छडी तेव्हाही नाही. नुसते हात, आणि ते डोळे. त्याचा तालमीचा कुठलाही व्हिडिओ लावा. डोळे खोबणीतून बाहेर येतील की काय असे वटारलेले, जणू समोर ऑर्केस्ट्रा नसून आग लागलेली आहे.

पुढची कारकीर्द कुणाही मोठ्या संचालकासारखी. झुरिकला दिग्दर्शक पोनेलबरोबर मॉन्टेव्हर्दीचे ऑपेरे, ॲमस्टरडॅमच्या कॉन्सेर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राशी 1975 पासून जुळलेलं नातं. 1990-91 मध्ये तरुणांच्या चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबर बीथोवनच्या नऊ सिंफन्या, त्यात बाकी वाद्यं आजची आणि ट्रम्पेट मात्र बिनकळांचे. शुद्धतावाद्यांना हे धेडगुजरी वाटलं असेल. मला तो शहाणपणा वाटतो. पुढे त्यानं व्हर्दी केला, ओफेनबाख केला, ऐंशीच्या उंबरठ्यावर ग्राट्समध्ये गर्श्विनही केला. व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम दोनदा मिळाला. 2001 च्या पहिल्याच सकाळी त्यानं सुरुवातीलाच 'राडेट्स्की मार्च'चं मूळ रूप वाजवून टाकलं. शेवटी टाळ्या पिटायचं जे गाणं जगभर ठरलेलं, ते आधी नीट, टाळ्यांशिवाय ऐकून घ्या म्हणाला. टाळ्यांचं नेहमीचं नंतर दिलंच.

आणि 2014 मध्ये मोझार्टच्या शेवटच्या तीन सिंफन्या आपल्याच ताफ्याबरोबर आल्या. 1788 च्या एका उन्हाळ्यात लिहिलेल्या या तिन्ही मिळून एकच सलग कृती आहे, शब्दांशिवायची, असं त्याचं म्हणणं. विद्वानांना ते फारसं पटलं नाही. मलाही निम्मंच पटतं, पण तीन एकामागून एक ऐकल्यावर चाळिसावी मधोमध जास्तच उघडी पडते हे खरं. 5 डिसेंबर 2015 ला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, व्हिएन्नातल्या श्रोत्यांना कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या हस्ताक्षरातलं पत्र मिळालं: शरीर साथ देत नाही, पुढचे बेत रद्द करतो आहे, आपण सगळे मिळून शोध घेणारी एक सुखी मंडळी झालो. 5 मार्च 2016 ला तो गेला.

आलीस 1985 पर्यंत त्याच ताफ्यात पहिल्या खुर्चीवर बसून व्हायोलिन वाजवत होती. म्हणजे बत्तीस वर्षं. संचालक डोळे वटारत असताना ताफा खरोखर कुणाच्या गजाकडे बघत होता, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

ऐकायचंच झालं तर बाखच्या मॅथ्यू पॅशननं सुरुवात करू नका, तिला जवळजवळ तीन तास लागतात. बाखच्याच ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी पहिल्याचं, हार्नोनकूरचं 1964 चं ध्वनिमुद्रण लावा. शिकारीचे दोन हॉर्न बाकीच्यांचं काहीएक न ऐकता आपलंच वाजवत आत घुसतात. आमच्या आईनं ते ऐकून, 'हे वाजवणारे नवीन आहेत का रे?' असं विचारलं होतं. वाजवणारे चांगले मुरलेले होते, हे तिला अजून पटलेलं नाही.