सकाळी सातचं रामेन

फेब्रुवारीत जपानमधल्या ऐझु-वाकामात्सुला गेलो होतो तो तिथला त्सुरुगा किल्ला बघायला. संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणच्या मालकांना विचारलं, इथे चांगलं रामेन, म्हणजे सुपातल्या नूडल्स, कुठे मिळेल? त्यांनी फोनवर काहीतरी लिहून भाषांतर माझ्यापुढे धरलं: "उद्या पहाटे उठून किताकाताला जा. नाश्त्याला."

रामेन आणि नाश्त्याला? पण त्यांचा चेहरा बघून मी गजर लावला.

बाहेर गुडघाभर बर्फ. लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत किताकाता आलं. चाळीस-पंचेचाळीस हजार वस्तीचं हे गाव, जाड भिंतींच्या जुन्या कोठारांसाठी ओळखलं जातं. सकाळी रामेन खायची इथे रीतच आहे. तिला 'आसा-रा' म्हणतात, म्हणजे 'सकाळचं रामेन'. रात्रपाळी करून आलेले कामगार आणि शेतावरून परतलेले लोक पोटात काहीतरी गरम जावं म्हणून खायचे, त्यातून ती पडली असं सांगतात.

नकाशावर दिसणाऱ्या प्रसिद्ध दुकानासमोर सात वाजताच रांग होती. मी पुढे चालत राहिलो. एका गल्लीत घरासारख्या घराच्या धुराड्यातून वाफ येत होती आणि गमबूट घातलेला एक माणूस तोंड पुसत बाहेर पडला. दारावर निळं नोरेन, म्हणजे कापडी पडदा, लटकत होतं. नोरेन बाहेर असलं की दुकान उघडं, एवढं मला कळत होतं. आत शिरलो.

सहा खुर्च्या, एक शेगडी. सत्तरीच्या एक आजी आणि नूडल्स उकळणारा त्यांचा मुलगा असावा. ऑर्डरसाठी तिकिटाचं यंत्र नाही; भिंतीवर हाताने लिहिलेल्या कागदी पट्ट्या. फोनचा कॅमेरा धरला तर त्या वळणदार अक्षरांचं भाषांतर भलतंच आलं. फोन खिशात टाकला आणि येत होते तेवढे दोन शब्द बोललो: "चुका-सोबा, हितोत्सु." एक चुका-सोबा. चुका-सोबा म्हणजे चिनी सोबा, चिनी पद्धतीच्या नूडल्स; रामेनचंच जुनं नाव. १९२० च्या दशकात चीनहून आलेल्या एका तरुणाने या गावात गाड्यावर ते विकायला सुरुवात केली, आणि इथल्या बऱ्याच दुकानांत ते अजून याच नावाने मिळतं. आजींनी मान हलवली. पाण्याचा जग समोरच होता, तो आपला आपण घ्यायचा.

वाडगा आला. साप्पोरोचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, रामेन आणि हाकाताचं डुकराच्या हाडांचं पांढरं दाट रामेन मी आधी खाल्लं होतं. हे नितळ होतं, सोया सॉसच्या रंगाचं, वर तेलाचे बारीक थेंब. डुकराच्या मांसाचे चार काप, बांबूचे मुरवलेले कोंब, कांद्याची पात. नूडल्स चपट्या, चार मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि नागमोडी. पिठात पाणी जास्त घालतात आणि मळल्यावर ते मुरू देतात, म्हणून त्या दाताखाली मऊ आणि तरी लवचिक लागतात. प्रत्येक वळणात थोडं सूप अडकून वर येतं. शेजारचे काका जोरात भुरके मारत होते. मीही मारले, आणि त्या भुरक्याबरोबर नाकात एक वास गेला तो मला मालवणात नेणारा होता. सुक्या मासळीचा.

"निबोशी?" मी विचारलं. आजी एकदम हसल्या, आत गेल्या आणि मूठभर सुके मासे माझ्या तळहातावर ठेवले. बोटाएवढी तारली. आमच्याकडे मासळी खारवून किंवा तशीच उन्हात घालतात. निबोशी आधी उकळून मग वाळवतात, त्यामुळे तिचा वास उग्र नसतो. त्यांनी एका माशाचं डोकं मोडून, पोट काढून दाखवलं. तेवढं काढलं नाही तर सूप कडवट होतं, हे मला एकही शब्द न कळता कळलं. आईही सुके बांगडे असेच डोकं मोडून साफ करायची. मला ते आजींना सांगायचं होतं, पण भाषा नव्हती. मी नुसतं छातीवर हात ठेवला आणि "इंडो" म्हणालो, भारत. त्यांनी ती मूठ कागदात बांधून मला दिली.

शाकाहारी मंडळींना आधीच सांगतो: वरचं मांस काढायला सांगून भागत नाही, सुपातच हाडं आणि मासळी असते.

८०० येन झाले, रोख. टीप द्यायची नसते. वाडगा उचलून काउंटरच्या कठड्यावर ठेवला, "गोचिसोसामा देश्ता", म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हटलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, पण दुपारी. दीड वाजला होता. सूप संपलं की ही दुकानं बंद होतात. दाराबाहेरच्या दांडीवर नोरेन नव्हतं.